कैचीतली पुसलेली तुळई

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते सांगायचाही आता कंटाळा येतो. माझ्या कळफलकावरची निम्मी अक्षरं बोटांनी झिजून गेली आहेत. सकाळी सुरू व्हायला मला इतका वेळ लागतो, की फरंगीस तेवढ्यात जिना उतरून खालच्या बेकरीतून गरम नान घेऊन वर येते, आणि तरीही माझ्या पडद्यावर काळोखच असतो.  ती नानाचा तुकडा मोडते, चहात साखरेचा खडा न बुडवता तो दाताखाली धरते आणि वाट पाहते. दमलो तर आम्ही दोघंही आहोत. ते एकमेकांना सांगावं लागत नाही.

माझा जन्म इराणमधल्या रश्त शहराच्या बाजारातला. एका दुकानदाराने पेटी एकीकडून आणली, पंखा दुसरीकडून, पडदा तिसरीकडून, आणि मला जुळवलं. फरंगीसने मला विकत घेतलं त्या दिवशी धो धो पाऊस होता. तिने अंगातला जाड कोट काढून मला गुंडाळलं आणि भाड्याच्या टॅक्सीत चार माणसांबरोबर दाटीवाटीने बसून, मला मांडीवर घेऊन सियाहकलला, तिच्या गावी, आणलं. ती स्वतः घरी पोचेपर्यंत कुडकुडत होती. इतक्या प्रेमाने मला पुन्हा कुणी उचललेलं नाही.

आमच्या गीलान प्रांतात पाऊस पाहुण्यासारखा येत नाही, घरच्यासारखा राहतो. आणि वर देयलमानच्या डोंगरावर थंडीत बर्फ पडतो तो गुडघाभर. म्हणून इथे घर म्हटलं की उतरतं छप्पर आलंच. फरंगीसचा धंदा तोच. लोकांना हवी तशी घरं ती माझ्यावर काढायची. माझ्यात त्यासाठीचा एक प्रोग्राम आहे. भिंती काढल्या, दारं-खिडक्या बसवल्या, की ती छपराच्या चित्रावर टिचकी मारायची. मग मी विचारायचो, उतार किती? वळचण भिंतीबाहेर किती? दोन कैच्यांमध्ये अंतर किती?

कैची म्हणजे छपराच्या पोटातला लाकडाचा मोठा त्रिकोण. दोन बाजूंनी वर जाऊन आढ्यापाशी भेटणारे दोन वासे, खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेली आडवी तुळई, आणि मधे आधाराला छोटे तिरके टेकू. असे सात-आठ त्रिकोण ओळीने उभे केले, वर पत्रा चढवला, की छप्पर झालं. फरंगीस अर्धी कैची काढायची आणि उरलेली अर्धी मी आरशातल्यासारखी भरून द्यायचो. हे काम मला फार आवडायचं. एका क्षणात अर्ध्याचं पूर्ण व्हायचं.

फरंगीसचे वडील सफरअली, कसबी कारागीर म्हणून सगळे त्यांना उस्ता म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी या खोऱ्यातली छपरं चढवली होती. ते कैची अंगणातच काढत, खरी असेल तेवढ्याच आकाराची, खडूच्या दोऱ्याने, गुडघ्यांवर बसून. मग त्यांचे हात थरथरू लागले. एक दिवस खडूची ओळ जागोजागी तुटली तेव्हा ते उठले, खडू तिथेच सोडला आणि घरात आले. त्यानंतर ते छपरावर चढले नाहीत.

मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्या पेटीवर बोटाने टकटक केलं.

"हा डबा कधी छपरावर चढलाय?"

"नाही, बाबा," फरंगीस म्हणाली.

"याच्या अंगावर कधी पाऊस पडलाय?"

"टॅक्सीतून आणताना थोडा."

"मग थोडी अक्कल असेल."

त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यापुढे बसले. मी मोठ्या अभिमानाने एक कैची दाखवली. त्यांनी नाक पडद्याला लागेल इतकं जवळ आणलं.

"हा टेकू सांध्यावर बसलेला नाही. अधांतरी संपलाय. याच्या खाली काय आहे, तुझ्या आजीची दुवा?"

फरंगीस हसली आणि तिने टेकू हलवला. त्या दिवसापासून ते रोज सकाळी येऊ लागले. ते त्यांच्या भाषेत सांगायचे आणि ती माझ्या भाषेत उतरवायची. ते म्हणायचे, "चार हात आडवं जा, अडीच हात वर चढ," आणि ती उताराच्या चौकटीत बत्तीस लिहायची. डोंगरातलं घर असलं की म्हणायचे, "तिथे तीन हात वर. बर्फाला बसायला जागाच देऊ नकोस, उभ्या-उभ्या वाटेला लाव." मी वर्षभरात त्यांच्याकडून जेवढं शिकलो तेवढं मला जुळवणाऱ्याने मला शिकवलं नव्हतं. अर्थात शिकलो असं मी म्हणतो. खरं तर मी फक्त साठवलं. या दोन गोष्टींतला फरक पुढे कळला.

ते दिवस कौतुकाचे होते. लोक बायका-मुलांना घेऊन यायचे. अजून पायाही न खणलेलं घर मी त्यांना रंगीत दाखवायचो, गोल फिरवायचो, छप्पर उचलून आतली खोली दाखवायचो. म्हाताऱ्या बायका माझ्यापुढे हात हलवून "माशाल्ला" म्हणायच्या. फरंगीसला सगळे 'इंजिनियर बाई' म्हणू लागले. सुरुवातीला ती सांगायची, "मी इंजिनियर नाही हो, दोन वर्षांचा नकाशांचा कोर्स केलाय फक्त." पुढे तिने सांगणं सोडून दिलं. रोज किती जणांना सांगणार?

मग उस्तांच्या हातांची थरथर वाढली. थोरल्या मुलाने त्यांना उपचाराला रश्तला नेलं आणि ते वसंतापासून तिथेच राहिले. स्टूल रिकामं झालं. त्यावर फरंगीस कागदांचे गठ्ठे ठेवू लागली.

त्याच उन्हाळ्यात मुनव्वरखानम, म्हणजे मुनव्वरबाई, आल्या. तीस वर्षं मोठ्या शहरात परिचारिका होत्या, आता निवृत्त होऊन माहेरच्या डोंगरात, देयलमानला, लहानसं घर बांधायचं होतं. एकट्या बाई. बोलणं खणखणीत.

"इंजिनियर बाई, मी तीस वर्षं चौथ्या मजल्यावरच्या खुराड्यात काढली," त्या म्हणाल्या. "हात वर केला की छताला लागायचा. आता मला वर बघितलं की श्वास मोकळा व्हावा असं घर हवंय."

फरंगीसने घर काढलं. मी ते फिरवून दाखवलं. मुनव्वरखानमना उंची आवडली, खिडकी आवडली. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आणि ही आडवी लाकडं कसली? एवढं उंच छप्पर, आणि मधेच ही शिडी आडवी टाकल्यासारखी. काढून टाका."

"ती कैचीची तुळई आहे, खानम. ती असतेच."

"कुणाकडे असते? मी शहरात पाहिलीत घरं, वरपर्यंत मोकळी. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

 एरवी फरंगीसने मान वळवून स्टुलाकडे पाहिलं असतं. स्टुलावर कागद होते. तिने माउस हलवला, आडव्या तुळईची ओळ निवडली आणि पुसायला सांगितलं.

मित्रांनो, मी पुसली. मी एका अक्षराने विचारलं नाही. उतार किती ते मी विचारतो, पत्र्याचा रंग कोणता ते विचारतो. पण ही ओळ काढल्यावर ते दोन वासे एकमेकांपासून दूर का सरकणार नाहीत, हे विचारायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या आत सात कैच्या होत्या. सातांच्याही तुळया एकदम गेल्या, आणि खरं सांगतो, घर फार सुंदर दिसलं.

"हे बघा," मुनव्वरखानम म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे माझं घर."

फरंगीसने मनाच्या समाधानासाठी वासे जाड केले. नकाशा मंजुरीला गेला. ज्यांनी त्यावर शिक्का मारायचा त्यांनी तो मारला. पान उलटून पाहिलं की नाही ते त्यांनाच ठाऊक. घर बांधायला घेतलं हबीबने. तो वरच्या गावातला कंत्राटदार. सहा वर्षं तो उस्ता सफरअलींच्या हाताखाली होता, मग वेगळा झाला. पेन ड्राइव्हवर नकाशा घेऊन जाताना तो माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "उस्तांच्या छपरांपेक्षा हे देखणं आहे. त्यांना सांगू नका." तो हसला. फरंगीसही हसली.

पानगळ संपता संपता उस्ता परत आले. अंग वाळलं होतं, पण आवाज तोच. त्यांनी स्टुलावरचे कागद उचलून जमिनीवर ठेवले आणि बसले.

"मी नव्हतो तेव्हा काय काय काढलंस, दाखव."

फरंगीसने एकेक घर उघडलं. ते मान डोलवत होते. मग देयलमानचं घर आलं. त्यांनी मान डोलवायची थांबवली.

"घर मधून काप. आतून दाखव."

मी घर मधून कापून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"तुळई कुठे आहे?"

"खानमना उंची हवी होती, बाबा. मी वासे जाड घेतलेत."

"जाड माणूसही घसरतोच," उस्ता म्हणाले.

त्यांनी टेबलावरच्या दोन लाकडी पट्ट्या घेतल्या, डोकी एकमेकांना टेकवून कैचीसारख्या उभ्या केल्या आणि वरून अंगठ्याने दाबलं. हात थरथरत होता तरी दाबता आलं. पट्ट्यांचे पाय दोन्हीकडे सरकले, एकीने चहाचा पेला उलटला. चहा माझ्या कळफलकापर्यंत आला. कुणी पुसला नाही.

"आता दोन्ही पायांना दोरा बांध."

फरंगीसने दोरा बांधला. उस्तांनी पुन्हा दाबलं. पट्ट्या हलल्या नाहीत.

"हा दोरा म्हणजे तुळई," ते म्हणाले. "ती छप्पर उचलत नाही, पोरी. ती भिंतींना धरून ठेवते. बांधलंय हे घर?"

"पत्राही चढलाय. खानम राहायला गेल्यात."

"बर्फ?"

"एकदा पडला. थोडा."

उस्तांनी पट्ट्या जागेवर ठेवल्या. मला वाटलं आता रागावतील. ते रागावले नाहीत. रागावले असते तर फरंगीसला सोपं गेलं असतं.

"पानावर नाव तुझं आहे," ते एवढंच म्हणाले. "फोनही तुलाच करावा लागेल."

तिला तीन दिवस तो फोन करता आला नाही. मी बघत होतो. ती नंबर काढायची आणि फोन पालथा ठेवायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने तिसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं, म्हणून मला कळलं. या गावात बाईने काढलेल्या नकाशावर घर बांधायला तयार व्हायला लोकांना आठ वर्षं लागली होती. एका फोनने ती आठ वर्षं पुसली जाणार होती. "आणि कदाचित काही होणारही नाही, बाबा," ती म्हणाली. "कदाचित ते उभं राहील."

"राहील कदाचित," उस्ता म्हणाले. "तू तिथे झोपशील?"

तिने फोन केला. मुनव्वरखानमचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. आधी त्या समजल्याच नाहीत, मग त्या ओरडल्या, मग एकदम शांत झाल्या.

"म्हणजे मी ज्याच्याखाली रोज झोपते, ते चुकलंय?"

"हो, खानम. माझं चुकलंय. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. नाही म्हणायचं काम माझं होतं."

 मग त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं रुग्णालयात काढली. चुकलं असं सांगायला कुणी फोन केलेला मला आठवत नाही. आता काय करायचं ते सांग."

त्या पहिल्यांदाच तिच्याशी एकेरीत बोलल्या. उस्तांनी उपाय सांगितला: लाकडी तुळई नको असेल तर लोखंडाची बारीक सळई, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधे पीळ देऊन ताणायची सोय. आम्ही त्या सळया दोन दिवसांत नकाशावर काढल्या आणि आठवड्यात त्या बसल्या. छप्पर उंचच राहिलं. खानम आता त्या सळयांवर लसणाच्या माळा वाळत घालतात, असं ऐकतो.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण सळया बसवून खाली आलेल्या गवंड्याने जाता जाता सांगितलं, "हबीबच्या स्वतःच्या घरीही हेच छप्पर आहे. तिथे पण सळया घालायच्यात का?"

फरंगीसच्या हातातला चहा तसाच राहिला. हबीबने पेन ड्राइव्हवरचा नकाशा स्वतःसाठी वापरला होता. माझं असंच असतं, मित्रांनो. अंगणात खडूने काढलेली कैची पावसात धुऊन जाते. माझ्यावर काढलेली कैची खिशात बसते आणि कुठेही जाते, आणि बरोबर असो की चूक, तितकीच स्वच्छ दिसते.

तिने हबीबला फोन केला. तो हसला. "शिक्का आहे, इंजिनियर बाई. उस्तांनी तुम्हाला घाबरवलं ना? मी त्यांच्याकडे सहा वर्षं वासे खांद्यावर वाहिले. सहा वर्षांत एकदा 'बरं केलंस' म्हणाले नाहीत. माझं छप्पर त्यांना कसं आवडेल?"

तिने पुन्हा केला, त्याने उचलला नाही. असं चार वेळा झालं. त्याच्या घरात त्याची बायको, दोन मुली आणि आई होती. रेडिओवर डोंगरात मोठा बर्फ येणार असल्याचं सांगत होते. पाचव्यांदा उस्तांनी स्वतः फोन हातात घेतला. हाताच्या थरथरीने तो त्यांच्या कानावर नीट राहत नव्हता.

"हबीब, मी सफरअली. मला तुझं छप्पर दाखव. डोंगर चढणं मला जमत नाही. तू ये."

तो आला. कदाचित जिंकायला आला असेल. बूट न काढता दारात उभा राहिला आणि फोन पुढे केला. "आज सकाळीच फोटो काढलाय. बघा. केसाएवढीही चीर नाही."

फरंगीसने तो फोटो माझ्यात घेतला आणि पडदाभर मोठा केला. निळ्या दाराचं सुंदर घर होतं. अंगणात विजेचा खांब होता.  फरंगीसने एक लाल, सरळ उभी ओळ काढली आणि आधी ती खांबावर ठेवली. खांब आणि ओळ एक झाली. मग तिने तीच ओळ सरकवत नेली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीच्या कडेवर ठेवली. खाली पायाशी ती कडेला चिकटली. वर वळचणीपाशी भिंत ओळीच्या बाहेर होती. मोठं केल्यावर तीन बोटं फट दिसली. भिंत बाहेर झुकली होती.

आयुष्यात मी हजारो ओळी काढल्या. उपयोगी पडलेली ही एकच, असं मला कधी कधी वाटतं.

हबीबने बूट काढले, आत आला, माझ्यासमोर वाकला. ओळ खोटी असावी म्हणून त्याने ती स्वतःच्या हाताने पुन्हा खांबावर नेली आणि पुन्हा भिंतीवर आणली. कुणी त्याला घाई केली नाही.

"आढ्याजवळचा भाग दाखव," उस्ता म्हणाले. त्याने फोनवर आतला फोटो शोधून दाखवला. उस्तांनी तो बराच वेळ पाहिला. "हे सांधे तू कापलेस?"

"मीच."

"चांगले कापलेस. माझ्यापेक्षा चांगले. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

हबीबने वर पाहिलं नाही. फरंगीस म्हणाली, "कापण्यात काही चूक नाही, हबीब. चूक चित्रात आहे, आणि चित्र माझं आहे."

तो बसला नाही, चहाही घेतला नाही. त्याच संध्याकाळी त्याने घरातली माणसं बहिणीकडे सियाहकलला आणली आणि छपराखाली ओंडक्यांचे टेकू दिले. सळया रश्तहून यायच्या होत्या. रस्ता बंद झाला. तीन दिवस बर्फ पडत राहिला.

पाचव्या दिवशी तो आला तेव्हा दाढी वाढलेली होती. फरंगीस उभी राहिली. तो ओरडेल, शिव्या देईल, माझा पडदा फोडेल, असं मला वाटलं. त्याने फोन टेबलावर ठेवला. फोटोत स्वयंपाकघराची भिंत अंगणात पडली होती आणि पत्रा दुमडून आत आला होता. चुलीवर बर्फ होता. शिवणयंत्राचं फक्त चाक दिसत होतं.

"आई या भिंतीला लागून झोपते," तो म्हणाला. "उब असते म्हणून."

 खाली बेकरीत फळ्या ठोकल्याचा आवाज येत होता. शेवटी फरंगीसने कागद बाजूला केले आणि दुसरं स्टूल ओढलं. हबीब त्यावर बसला. एका बाजूला तो, एका बाजूला उस्ता, मधे ती.

"किती हात?" तिने विचारलं.

"डोंगर आहे," हबीब म्हणाला. "चार आडवे, तीन वर."

उस्तांनी मान डोलवली. त्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून जी कैची काढली तिच्यात नवं काहीच नव्हतं. दोन वासे, चार टेकू, खाली जाडजूड तुळई. तुळईची ओळ फरंगीसने दोनदा तपासून पाहिली. मी अर्ध्याचं पूर्ण केलं.

त्यानंतरची वर्षं थकव्याची. बातमी खोऱ्यात पसरली, आणि ती फरंगीसनेच पसरवली म्हणायला हवी, कारण जो विचारेल त्याला ती खरं सांगायची. 'जिचं छप्पर पडलं ती', असं लोक म्हणू लागले. 'इंजिनियर बाई' कुणी म्हणेना. माझ्यावर कापड पडलं. कधी कधी आठवडाभर मला कुणी चालू करायचं नाही. दमटपणाने माझ्या आत हिरवट बुरशी धरली, पंखा घरघरू लागला. दोन वर्षांनी उस्ता गेले. मेणबत्ती हळूहळू बारीक होते तसे गेले, आपल्याच बिछान्यात, दुपारच्या चहानंतर. फरंगीसने तीन दिवस कार्यालय बंद ठेवलं, आणि चौथ्या दिवशी आली ती आधी माझ्यासमोर नाही, त्यांच्या स्टुलावर बसली.

मग हळूहळू हबीबनेच लोकांना पाठवायला सुरुवात केली. "तिच्याकडे जा," तो सांगायचा, "ती नाही म्हणते." नवा संगणक घ्यायला आता तिच्याकडे पैसे आहेत. ती घेणारही आहे. मला वाईट वाटत नाही. मला झोप हवी आहे.

कालच एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. मी त्यांचं घर फिरवून दाखवलं. मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. "हे आडवं लाकूड नको. सगळी शोभा घालवतंय."

फरंगीस रागावली नाही. समजावलंही नाही. तिने देयलमानच्या घराचा तो चुकीचा नकाशा उघडला. तो तिने मला कधीच पुसू दिलेला नाही. त्यावर लाल अक्षरांत 'हे बांधू नका' असं लिहून ठेवलंय. मग शेजारी हबीबच्या स्वयंपाकघराचा फोटो उघडला. आणि खुर्ची मागे सरकवून त्या दोघांना बघू दिलं.

मुलगी बराच वेळ चुलीवरच्या बर्फाकडे बघत होती. "यात कुणी...?" तिने विचारलं.

"नाही," फरंगीस म्हणाली. "तेव्हा नव्हतं कुणी."

नवरा म्हणाला, "राहू दे ती तुळई." मुलीने बोट काढून घेतलं.

मित्रांनो, मला लवकरच बंद करतील, म्हणून एवढंच सांगतो. माझ्यानंतर येणारा माझ्यापेक्षा हुशार असेल, झटपट असेल, त्याची चित्रं जास्त सुंदर असतील. पण पुसायला सांगितलं की तोही पुसेल, न विचारता, सातच्या सात ओळी एकदम. तेव्हा टिचकी मारण्याआधी जरा थांबा. शेजारी रिकामं स्टूल असेल तर त्यावर कागद ठेवू नका, कुणाला तरी बसवा. आणि स्वतःला एवढं विचारा, की या ओळीखाली कोण झोपणार आहे.